सिनेमातला बॉम्ब फुटतो तेव्हा नक्की काय जळत असतं?

ॲक्शन सिनेमातला स्फोट म्हटलं की केशरी आगीचा भलामोठा गोळा आणि त्याच्याकडे पाठ करून शांतपणे चालत येणारा हिरो, हे आता इतकं ठरून गेलंय की खरा स्फोट असाच दिसतो असं आपण धरूनच चालतो. पण तो गोळा बॉम्बचा नसतोच, पेट्रोलचा असतो.

त्याचं कारण कॅमेऱ्यात आहे. टीएनटी या स्फोटकामधून स्फोटाची लाट सेकंदाला साधारण ६९०० मीटर वेगाने जाते, म्हणजे १० सेंटीमीटरची वडी सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या दीडपट वेळात संपली. सिनेमाची एक फ्रेम सेकंदाचा २४वा भाग. त्यामुळे बऱ्याचदा एखाद्या फ्रेममध्ये लख्ख उजेड आणि मग नुसती धूळ आणि धूर, एवढंच मिळतं. पडद्यावर ते अगदीच फिकं दिसतं. म्हणून इफेक्टवाले लोखंडी भांड्यातून पेट्रोल हवेत उडवून पेटवतात. गोळ्याच्या आत ऑक्सिजन पुरत नाही, मग अर्धवट जळलेल्या कार्बनचे बारीक कण तापून पिवळे-केशरी चमकतात, अगदी समईच्या ज्योतीसारखे, आणि तेच कण थंड झाले की काळा धूर. गरम वायू हलका असल्यामुळे गोळा सावकाश वर चढतो आणि डोळ्यांना बघायला दोन-तीन सेकंद मिळतात.

खऱ्या स्फोटात माणूस मरतो तो मुख्यतः हवेच्या दाबाने आणि उडालेल्या तुकड्यांनी, आग त्यानंतर येते. साध्या हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश एवढा दाब अचानक वाढला तरी कानाचा पडदा फाटू शकतो, त्याहून बराच जास्त असेल तर फुप्फुसं आतून फुटतात आणि बाहेरून अंगावर ओरखडासुद्धा दिसत नाही. मला या सगळ्यात सर्वात खटकणारी गोष्ट हीच, की सिनेमा फक्त आगीला घाबरायला शिकवतो. आणि दाबाच्या या लाटेपुढे पळून जायचा प्रश्नच येत नाही, कारण ती आवाजापेक्षा जास्त वेगाने निघते आणि माणूस कितीही पळाला तरी सेकंदाला १२ मीटरच्या आसपास. शूटिंगमध्ये हिरो आगीपासून बराच लांब असतो, लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्समुळे आग त्याच्या पाठीला लागल्यासारखी वाटते एवढंच.

आवाजाचंही तसंच. सिनेमात उजेड आणि धडाका एकदम येतात. ४ ऑगस्ट २०२० ला लेबनॉनमधल्या बैरूतच्या बंदरात साठवलेलं अमोनियम नायट्रेट (खतात आणि स्फोटकांत वापरतात ते रसायन) फुटलं, त्याचे लांबून काढलेले व्हिडिओ आठवा, आधी सगळं नुसतं दिसतं आणि काही सेकंदांनी लाट येऊन आदळते. त्या वेळात खिडकीपासून बाजूला होऊन खाली झोपलं तर काचांपासून जीव वाचू शकतो. हे खरंच सगळ्यांना माहीत असायला हवं, भला मोठा उजेड दिसला की खिडकीत जाऊन बघत उभं राहायचं नाही.

गोळी लागून गाडी फुटणं तर सहसा होतच नाही. पेट्रोलची वाफ हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असेल तरच पेट घेते, टाकीत ती याहून खूप दाट असते, त्यामुळे साध्या गोळीने भोक पडतं आणि पेट्रोल गळतं, बस.

मला सगळ्यात भारी वाटतं ते मिनिएचरचं, म्हणजे शूटिंगसाठी बनवलेल्या छोट्या मॉडेलचं गणित. १६ मीटर उंच बिल्डिंगचं १ मीटरचं मॉडेल उडवलं तर वरची वीट ०.४५ सेकंदात खाली येते, खऱ्या बिल्डिंगवरून १.८ सेकंद लागतील, म्हणजे चौपट. का, तर पडायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. मग सेकंदाला ९६ फ्रेमनी शूट करून २४ ने दाखवायचं की बिल्डिंग खरी वाटते. पण पाण्याचे थेंब आणि ज्वाळांची टोकं १६ पट लहान करता येत नाहीत, त्यामुळे जुन्या सिनेमात मॉडेल ओळखायचं असेल तर बिल्डिंग सोडून पाणी आणि आगच बघायची.