एक फेज गेली की न्यूट्रल तुटला?

पावसाची जोरदार सर येऊन जाते आणि अर्ध्या घरात अंधार होतो. हॉलमधला पंखा फिरतोय, स्वयंपाकघरात काहीच लागत नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारे स्विच) मात्र सगळे चालू. अशा वेळी घरातलं कुणीतरी म्हणतंच, "एक फेज गेली असेल, येईल थोड्या वेळानं." बहुतेकदा ते खरं असतं. पण न्यूट्रल तुटला की घर सुरुवातीला जवळपास असंच वागतं, आणि तेव्हा वाट बघत बसलं तर फ्रिज, टीव्ही जळतात.

डीपीवरून, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरवरून, घरांकडे तीन फेज (करंट आणणाऱ्या तारा) येतात, आर, वाय आणि बी, आणि त्यांच्यासोबत एक न्यूट्रल, म्हणजे करंटची परतीची तार. कुठलीही फेज आणि न्यूट्रल यांच्यात 230 व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये सुमारे 400. थ्री फेज मीटर असेल तर खोल्या वेगवेगळ्या फेजवर वाटलेल्या असतात. सिंगल फेज मीटर असेल तर आपलं अख्खं घर एका फेजवर आणि शेजारचं कदाचित दुसऱ्या.

फेज जाणं हा सरळ प्रकार आहे. डीपीच्या पेटीतला फ्यूज उडतो किंवा खांबावरचा जम्पर (दोन तारा जोडणारा तुकडा) सुटतो, आणि त्या फेजवरचं सगळं बंद पडतं. बाकीच्या फेज नेहमीसारख्या चालतात. मेलेल्या सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत नाही. जपायचं ते थ्री फेज मोटरला. दोन फेजवर ती नुसती घुमते, तापते आणि वाइंडिंग जळतं. विहिरीवरच्या स्टार्टरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवतात तो याचसाठी.

याचाच एक फसवा भाऊ आहे. कधी फ्यूज ट्रान्सफॉर्मरच्या घरांकडच्या बाजूचा न जाता 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) बाजूचा, म्हणजे खांबावरचा डीओ (ड्रॉप-आउट फ्यूज), जातो. मग खाली एक फेज पूर्ण राहते आणि उरलेल्या दोन साधारण निम्म्यावर येतात, 115 व्होल्टच्या आसपास. पंखे रेंगाळतात, जुने बल्ब लालसर दिसतात. एवढ्या व्होल्टेजवर फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरूच होत नाही, नुसता तापतो, म्हणून फ्रिजचा प्लग लगेच काढावा. पण एक गोष्ट पक्की: फेज गेली काय किंवा डीओ गेला काय, कुठलाही दिवा नेहमीपेक्षा जास्त प्रखर होत नाही.

न्यूट्रल तुटल्यावर मात्र काही दिवे जास्त प्रखर होतात. एका खोलीत मंद, दुसऱ्या खोलीत भगभगीत, आणि कुणी गीझर लावला की दोन्हीकडचं बदलतं. परतीची वाट गेल्यामुळे एका फेजवरची उपकरणं दुसऱ्या फेजवरच्यांशी एकापुढे एक जोडली जातात आणि 400 व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. वाटणी समान नसते. समजा एका फेजवर 200 वॅटचा टीव्ही-दिव्यांचा भार आहे आणि दुसऱ्यावर 2000 वॅटचा गीझर. साध्या रोधाचा हिशेब धरला तर गीझरला जेमतेम 36 व्होल्ट मिळतात आणि टीव्हीवर 364 येतात. ज्या फेजवर भार कमी, तिथलीच नाजूक उपकरणं आधी मरतात. एमसीबी हे थांबवत नाही, कारण तो जास्त करंटला पडतो, जास्त व्होल्टेजला नाही. आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) करंटची गळती पाहतो, व्होल्टेज नाही. इथे उपयोगी पडतो तो ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर, व्होल्टेज फार वर किंवा खाली गेलं की पुरवठा तोडणारा. थ्री फेज घरात तो असावाच, असं माझं ठाम मत आहे.

हल्ली ओळखायला एक अडचण आहे. चांगल्या एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर व्होल्टेज बरंच वरखाली झालं तरी उजेड सारखा ठेवतो. त्यामुळे दिव्यांवर विसंबू नका. पंख्याचा वेग आणि स्टॅबिलायझरवरचा आकडा पाहा. इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचे दिवे-पंखे बॅटरीवर जाऊन सगळं ठीक भासवतात, म्हणून इन्व्हर्टरबाहेरची खोली पाहा.

सिंगल फेज घरात फक्त आपल्याच सर्व्हिस वायरचा न्यूट्रल सुटला तर जास्त व्होल्टेज येत नाही, सगळं बंद पडतं. पण टेस्टर सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटतो, कारण चालू असलेल्या उपकरणातून फेज न्यूट्रलच्या तारेवर उतरलेली असते. "लाईटच नाही" असं समजून त्या तारेला हात लावणं जिवावर बेतू शकतं. म्हणूनच न्यूट्रलच्या तारेत फ्यूज ठेवत नाहीत. जुन्या वाड्यांत दोन्ही तारांना किटकॅट (चिनी मातीचे फ्यूज) दिसतात, ते बदलून घ्यावेत. काही घरांत अर्थिंगच्या जागी चक्क न्यूट्रलच जोडलेला असतो. तिथे तो तुटला की फ्रिजच्या पत्र्यालाच करंट येतो.

उपायही दोन्हीकडे उलट आहेत. फेज गेली असेल तर चेंजओव्हरनं (फेज बदलायच्या स्विचनं) थोडा भार दुसऱ्या फेजवर टाकता येतो, वायर पेलेल एवढाच. न्यूट्रल तुटला असताना तीच सवय घात करते, कारण भार हलवला की व्होल्टेजची वाटणी आणखी बिघडते. तेव्हा फक्त मेन स्विच बंद करायचा. "पुन्हा लावून बघू" नको. शेजाऱ्यांनाही सांगा, कारण खांबावरचा न्यूट्रल गेला असेल तर त्यांचीही उपकरणं त्याच 400 व्होल्टच्या वाटणीत आहेत. मग 1912 वर तक्रार करा आणि "लाईट गेली" एवढंच न सांगता "व्होल्टेज वरखाली होतंय, न्यूट्रलचा संशय आहे" असं स्पष्ट सांगा. खांबावर किंवा डीपीत स्वतः हात घालू नका.

लाईनमन आले की मीटरच्या टर्मिनलवरचा आणि खांबावरचा न्यूट्रलचा जोड दाखवून घ्या. ॲल्युमिनियमच्या तारेचा नुसता पिळलेला जोड पावसात गंजतो, सैल होतो, आणि एकदा सुटलेला तसाच पिळला तर पुन्हा सुटतो. लग (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा कनेक्टर लावून घ्या. मेन परत चालू करताना सगळे प्लग काढून ठेवा, आधी एक पंखा लावून त्याचा वेग पाहा, मग बाकीचं.