प्लँजंट

प्लँजंट : घुमणाऱ्या, दूरवर पोचणाऱ्या आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुःख जागे करणाऱ्या आवाजासाठीचे इंग्रजी विशेषण. चर्चच्या घंटेचे टोल, सेलो या मोठ्या तंतुवाद्याचे खालच्या पट्टीतले सूर, सॅक्सोफोनची लांबवलेली तान, खडकांवर फुटणारी लाट यांच्या वर्णनात ते येते. शब्दकोशांत ‘शोकपूर्ण’ असा अर्थ सापडतो, पण तो अपुरा आहे. या शब्दात शोकाइतकाच आघातही आहे.

त्याचे मूळ लॅटिन ‘प्लांगेरे’ या क्रियापदात आहे. त्याचा पहिला अर्थ मारणे, आपटणे, बडवणे. शोक करताना माणूस छाती बडवतो म्हणून त्याच क्रियापदाला विलाप करण्याचा अर्थ चिकटला. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. ‘ऊर बडवून रडणे’ या आपल्या वाक्प्रचारात हात आणि हुंदका असेच एकत्र आहेत. प्राचीन रोममध्ये अंत्ययात्रेत विलाप करण्यासाठी पैसे देऊन स्त्रिया बोलावत. शोकाचे हे प्रदर्शन इतके तीव्र असे, की इ.स.पू. 5व्या शतकातील ‘बारा पट्ट’ या रोमन कायद्याने स्त्रियांना गाल ओरबाडण्यास मनाई केली होती.

याच क्रियापदापासून ‘प्लांक्टुस’ हे नाम झाले आणि मध्ययुगात ते विलापगीताच्या एका प्रकाराचे नाव बनले. फ्रेंच तत्त्वज्ञ पीटर अबेलार (1079–1142) याने असे सहा विलाप रचले. त्यांपैकी एकात बायबलमधला दावीद हा राजा शौल आणि त्याचा मुलगा योनाथान यांच्या मृत्यूवर शोक करतो. स्पॅनिशमधला ‘यांतो’ आणि पोर्तुगीजमधला ‘प्रांतु’ हे रडण्याचे शब्दही तिथूनच आले.

इंग्रजीत या शब्दाची भावंडे बरीच आहेत. ‘कंप्लेन’ म्हणजे तक्रार करणे, ‘प्लेंटिव्ह’ म्हणजे करुण, आणि ‘प्लेंटिफ’ म्हणजे दिवाणी दावा लावणारा. रडणारा माणूस न्यायालयात वादी झाला, हे मला या शब्दकुळातले सर्वांत बोलके वळण वाटते. आपल्याकडेही तेच घडले आहे : ‘फिर्याद’ हा शब्द फारसी ‘फर्याद’वरून आला आणि तिथे त्याचा अर्थ आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाक असा आहे. पोलीस ठाण्यात नोंदवली जाणारी फिर्याद मुळात एक किंकाळी आहे.

‘प्लेंटिव्ह’ आणि ‘प्लँजंट’ यांत मात्र गल्लत करू नये. पहिल्यातला आवाज बारीक, केविलवाणा, विनवणारा. आईमागे रडणाऱ्या पिल्लाचा. दुसऱ्यात भरदारपणा आणि कंप हवाच. इंग्रजीत तो लाटांच्या आपटण्यासाठी वापरला गेला, तेव्हा लॅटिनमधला मूळ अर्थच पुढे होता. पुढे सुरांचे वर्णन करताना दुःखाची छटा ठळक झाली. आज संगीतसमीक्षक झंकारणाऱ्या गिटारलाही हे विशेषण लावतात.

मराठीत याला एका शब्दाचा पर्याय नाही. ‘आर्त’मध्ये व्याकुळता आहे, पण आवाजाचा मोठेपणा नाही; आर्त स्वर कुजबुजीइतका हळूही असू शकतो. ‘हंबरडा’ आणि ‘टाहो’ यांत जोर आहे, परंतु ते गळ्यातूनच फुटतात, घंटेतून किंवा तारेतून नव्हे. त्यामुळे भाषांतर करताना ‘आर्त आणि घुमणारा’ अशी जोडी करावी लागते, आणि लाटांबद्दल असेल तर ‘ऊर बडवणाऱ्या लाटा’ म्हटले की मूळ अर्थ जवळजवळ जसाच्या तसा येतो.