घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

"घोरतोय ना, म्हणजे ढाराढूर झोपलाय." हा घरोघरचा समज चुकीचा आहे. घोरण्याचा आवाज मध्येच थांबून माणूस गुदमरल्यासारखा दचकत असेल, तर झोपेत सैलावलेला घसा श्वासाची वाट अडवत असू शकतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. श्वास दर वेळी किमान १० सेकंद अडतो, मेंदू झोप मोडतो, आणि सकाळी माणसाला काहीच आठवत नाही. तासाला ३० वेळा असं झालं, तर आजार तीव्र.

मग ठाण्याला लोकलमध्ये चढलेला माणूस मुलुंड येण्याआधीच उभ्या उभ्या पेंगतो. त्याला आळशी म्हणू नका. नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर गाडी चालवताना लागणाऱ्या डुलकीची मला खरी धास्ती वाटते. निदान स्लीप स्टडीने, म्हणजे झोपेत श्वास तपासणाऱ्या चाचणीने होतं; सीपॅप यंत्र हवेच्या दाबाने श्वासाची वाट उघडी ठेवतं. आणि हो, सडपातळ माणसांनाही हा आजार होतो.