शिक्षामाफी आणि सुटका : म्यानमारच्या खासदारांच्या बातम्या वाचताना होणारा घोळ

ऑगस्ट २०२३ ची गोष्ट आहे. मी सोलापूर कोर्टात एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे, जामिनाचे अर्ज, रजेचे कागद, जातमुचलके हेच दिवसभर हातात असतंय. दुपारी चहाला बसलो होतो तर भाच्यानं मोबाईल पुढं केला आणि म्हणाला, “मामा, बघा की हो, सुटली ती म्यानमारची बाई, आँग सान सू ची. जगानं दबाव आणला की मिलिटरीलापण ऐकावं लागतंय.” सू ची म्हणजे तिथल्या निवडून आलेल्या पुढारी, २०२१ मध्ये लष्करानं सत्ता हिसकावली तेव्हा पकडलेल्या. मी बातमी खालपर्यंत वाचली. एकूण शिक्षा ३३ वर्षं, पाच केसेसमधली मिळून ६ वर्षं माफ, राहिली २७. आणि बाईंचं वय तेव्हा ७८. म्हणलं, बाळा, ही सुटका नाही, ही माफी आहे, आणि तीपण तुकड्यातली. तो म्हणाला, “एकच की ते मामा.”

एकच नाही. आणि हा घोळ फक्त त्याचा नाही, चांगले शिकलेले लोकपण करतात, पेपरवाले तर हेडिंगमध्येच करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आपल्याकडचंच बघा. जेलमध्ये माफी हा रोजचा शब्द आहे, “माफीचे दिवस किती लागले?” असं कैदी एकमेकांना विचारतात. म्हणजे शिक्षा कायम, गुन्हा कायम, फक्त आत काढायचे दिवस कमी. निर्दोष सुटणं वेगळं. तिथं कोर्ट म्हणतं की या माणसावरचा गुन्हा शाबीत झाला नाही, जा घरी, आणि मग त्याच्या नावावर काही राहत नाही. मागं बार्शीकडचा एकजण आईच्या दहाव्यासाठी रजेवर आला होता. रोज पोलीस ठाण्यात हजेरी, गाव सोडायचं नाही, अमुक तारखेला परत हजर. केस काढलेल्या डोक्यावर टोपी, हातात मी दिलेला कागद, आणि तो कागद वाचता येत नव्हता म्हणून मला विचारतो, “साहेब, मी सुटलो का आता?” मला उत्तर द्यायला जड गेलं. तो घरात होता, भाकरी घरची खात होता, पण सुटलेला नव्हता. त्याच्या गळ्यातली दोरी फक्त लांब केली होती.

आता म्यानमारला या. तिथं गंमत अशी, म्हणजे दुःखाची गोष्ट अशी, की तिथला कायदा आपल्याच घरातला आहे. १९३७ पर्यंत ब्रह्मदेश ब्रिटिश हिंदुस्थानातच होता, त्यामुळं १८६० चं पीनल कोड आणि १८९८ चं क्रिमिनल प्रोसिजर कोड दोन्हीकडं एकच. आपण पुढं प्रोसिजर कोड बदललं, जुनं कलम ४०१ आपल्याकडं १९७३ मध्ये ४३२ झालं आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ४७३. म्यानमारमध्ये मात्र ते अजून ४०१ च आहे. त्यात काय लिहिलंय? सरकार शिक्षा स्थगित करू शकतं नाहीतर माफ करू शकतं, विनाअट किंवा अटी घालून, आणि अट मोडली असं सरकारला वाटलं तर वॉरंट न काढता उचलून उरलेली शिक्षा भोगायला परत आत टाकता येतं. “सरकारला वाटलं तर” हे शब्द नीट वाचा. ते ठरवायला कोर्ट नको, पुरावा नको.

चोराचिलटासाठी हे कलम ठीक आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. पण ज्याचा गुन्हा एवढाच की तो निवडणूक जिंकला, त्याला याच कलमाखाली सोडायचं म्हणजे काय होतं? तू गुन्हेगार आहेसच, आम्ही दया केली, आणि दया कधीपण परत घेऊ.

हे काही मी कल्पनेनं लिहीत नाही. १९९० च्या मे महिन्यात तिथं निवडणूक झाली, सू चींच्या पक्षानं ४८५ पैकी ३९२ जागा घेतल्या, आणि लष्करानं सत्ता दिलीच नाही. पार्लमेंट एकदापण भरलं नाही आणि निवडून आलेले लोक एकेक करून जेलात गेले. डॉ. मे विन म्यिंट आणि डॉ. थान न्येइन हे दोघं त्यातलेच, १९९७ मध्ये पकडले, सात वर्षांची शिक्षा, म्हणजे २००४ ला बाहेर यायला पाहिजे होते. शिक्षा संपली तरी सोडलं नाही, मुदत वाढवत वाढवत २००८ पर्यंत आत ठेवलं. शान लोकांचे पुढारी खुन टुन ऊ, तेपण १९९० चे विजेते, त्यांना २००५ मध्ये ९३ वर्षांची शिक्षा ठोकली. ९३ वर्षं! माणूस काय दोन जन्म जगणार आहे का.

मग सप्टेंबर २००८ मध्ये सरकारनं ९,००२ कैदी सोडतोय म्हणून जाहीर केलं. आदल्या वर्षी भिक्खूंच्या मोर्चांवर गोळ्या चालवल्या होत्या, मे महिन्यात नर्गिस वादळ आलं होतं, युनोचे बान की-मून स्वतः जाऊन आले होते, सगळ्या जगाचा डोळा होता. आकडा केवढा मोठा, पण त्यात राजकीय कैदी हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच. मे विन म्यिंट आणि थान न्येइन त्यात होते. विन थेनपण होते, हा माणूस आधी लष्करात कॅप्टन होता, नंतर सू चींचा जवळचा सहकारी झाला. या विन थेनना सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी परत उचललं. २०१० मध्ये बाहेर आले, २०१२ मध्ये खासदार झाले, आणि २०२१ च्या लष्करी उठावानंतर परत पकडून ऐंशीच्या वयात राजद्रोहाखाली २० वर्षं. एकाच माणसाच्या आयुष्यात दोन्ही गोष्टींतला फरक दिसतो, जगानं २००८ ला त्यांचं नाव “सुटले”च्या यादीत लिहिलं असणार आणि चोवीस तासांत खोडावं लागलं असणार.

त्याच दिवशी सुटलेले विन टिन (हे वेगळे, नावं सारखी वाटतात) पत्रकार होते, १९ वर्षं आत काढलेली. सोडताना अटींचं बोलणं निघालं तेव्हा त्यांनी त्या मान्य केल्या नाहीत. बाहेर आल्यावर ते जेलचा निळा शर्टच घालायचे, सगळे राजकीय कैदी सुटत नाहीत तोवर आपणपण कैदीच म्हणून. २०१४ मध्ये वारले तोवर निळाच शर्ट. मी फोटो बघितलाय त्यांचा, पांढरे केस, जाड चष्मा आणि तो निळा रंग. माफी म्हणजे काय आणि सुटका म्हणजे काय हे त्या म्हाताऱ्याला आमच्या कोर्टातल्या कुठल्याही वकिलापेक्षा जास्त कळलं होतं असं मला मनापासून वाटतं.

मग आंतरराष्ट्रीय दबावाचं काय? इथं खरा प्रश्न आहे. जग मागतं काय आणि लष्कर देतं काय. जिनिव्हाला इंटर-पार्लमेंटरी युनियन आहे, १८८९ पासूनची, जगभरातल्या संसदांची संघटना, आपली संसदपण सभासद आहे आणि महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या नजमा हेपतुल्ला १९९९ ते २००२ तिच्या अध्यक्ष होत्या. तिची १९७६ पासून एक खास समिती आहे, ती एकेका खासदाराची केस नावानिशी हातात घेते. सैन्य नाही, निर्बंध लावायचा अधिकार नाही, पत्र लिहायचं, माहिती मागायची, ठराव करायचा, एवढंच. लोक हसतात याला. पण त्या ठरावात मागणी असते ती सोडून द्या अशी, दया करा अशी नसते. आणि दुसरं म्हणजे ती त्या माणसाला खासदार म्हणूनच धरते. हे मोठं आहे, कारण लष्कर सगळ्यात आधी तीच गोष्ट काढून घेतं.

१ फेब्रुवारी २०२१ ला नवीन संसद भरायची होती त्याच पहाटे उठाव झाला. नोव्हेंबर २०२० मध्ये सू चींच्या पक्षानं ४७६ पैकी ३९६ जागा जिंकल्या होत्या, खासदार राजधानी नेपिडॉमध्ये सरकारी क्वार्टर्समध्ये शपथेची वाट बघत होते आणि बाहेर सैनिक उभे. जुलै २०२१ मध्ये लष्करानं नेमलेल्या निवडणूक आयोगानं निकालच रद्द केला, मार्च २०२३ मध्ये पक्षच बरखास्त. आता समजा यातल्या एखाद्याला उद्या माफी दिली, तर तो घरी जाईल, पण त्याची जागा गेली, पक्ष गेला, गुन्हा नावावर राहिला. ज्या मतदारांनी त्याला निवडलं त्यांचं मत तर आतच राहिलं.

सुरक्षा परिषदेचा ठराव २६६९, डिसेंबर २०२२ चा, त्यात उठावात हटवलेले राष्ट्राध्यक्ष विन म्यिंट आणि सू ची यांच्यासह मनमानीनं पकडलेल्या सगळ्यांना सोडा असं स्पष्ट आहे. १२ मतं बाजूनं, विरोधात एकपण नाही, चीन, रशिया आणि भारत तटस्थ. त्या महिन्यात परिषदेचं अध्यक्षपद आपल्याकडं होतं. शेजारी देश आहे, सीमा आहे, ईशान्येकडची अडचण आहे, सगळं समजतं, तरी मला ते तटस्थ राहणं लागलं. आणि आठ महिन्यांनी आलं काय, तर ३३ ची २७.

लष्कराला हा हिशोब नीट कळतो. कैदी म्हणजे त्यांच्या गल्ल्यातली चिल्लर, दबाव वाढला की थोडी बाहेर काढायची. जानेवारी २०१२ मध्ये ६५१ जण सोडले, खुन टुन ऊ त्यातच सुटले, तेपण कलम ४०१ खाली. त्याच दिवशी अमेरिकेनं राजदूत पाठवायची घोषणा केली, एप्रिलमध्ये युरोपनं बरेचसे निर्बंध स्थगित केले. मी ते चूक म्हणत नाही, ज्याचा नवरा, ज्याचा बाप घरी आला त्याच्यापुढं कलम कुठलं होतं हा प्रश्न काढणं निष्ठुरपणा आहे. पण बदल्यात कागदावरचा गुन्हा पुसून मागायला पाहिजे होता, तो मागितला नाही, आणि नऊ वर्षांनी त्याच लोकांना परत पकडणं सोपं गेलं.

सोलापूरकराला हे सांगायला लागू नये खरं. आपल्या गावानं १९३० मध्ये मार्शल लॉ सोसलाय, १२ मे ते ३० जून. (मार्शल लॉ म्हणजे शहराचा कारभार लष्कराच्या हातात.) मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली, ऐन गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, तोंडावर. दोन महिने होत नाहीत तोवर ५ मार्चला गांधी-आयर्विन करार झाला आणि सत्याग्रही सुटले, पण हिंसेचा गुन्हा ज्यांच्यावर लावलेला ते सोडून. म्हणजे कुठलं कलम लावायचं हे सरकारनं आधी ठरवलं की कोण सुटणार हे तिथंच ठरतं. जुलै २०२२ मध्ये म्यानमारनं माजी खासदार फ्यो झेया थॉ यांना फाशी दिली तेव्हा मला या चौघांचे पुतळे असलेला आपला चार पुतळा चौकच आठवला. त्यांच्यावरपण दहशतवादाचं कलम होतं. कंबोडियाचे हुन सेन यांनी स्वतः पत्र लिहून विनंती केलेली, ऐकली नाही.

तिथं ४ जानेवारीला स्वातंत्र्यदिन असतो आणि एप्रिलमध्ये नवीन वर्ष, त्या दिवशी माफीची यादी जवळजवळ ठरलेली, २०२३ च्या ४ जानेवारीला ७,०१२ जण होते. तशी बातमी आली की आकडा नंतर बघा. आधी बघा त्यात निवडून आलेले किती, शिक्षा रद्द झाली की कमी केली, आणि ४०१ चा उल्लेख आहे का. भाच्याला मी हेच सांगितलंय, आता तो बातमी पाठवताना खाली लिहून पाठवतो, “मामा, अटीवर आहे.”