सजीवांचे मूलभूत रसायन

सजीवांचे मूलभूत रसायन : सजीवांच्या शरीरातील रेणूंची घडण आणि त्यांच्यात अखंड चालणाऱ्या विक्रिया. निर्जीव सृष्टीत नाही असे एकही मूलद्रव्य सजीवांत सापडत नाही. माणसाच्या वस्तुमानापैकी सुमारे ९६ टक्के भाग ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन या चौघांचाच असतो. वेगळेपण आहे ते जोडणीत.

कार्बनचा अणू चार सहसंयुजी बंध (इलेक्ट्रॉनांच्या भागीदारीतून होणारे बळकट बंध) करतो, म्हणून त्याच्या लांब साखळ्या, फांद्या आणि वलये बनतात. चार बंध सिलिकॉनही करतो आणि भूकवचात तो कार्बनपेक्षा कितीतरी विपुल आहे. पण त्याच्या साखळ्या ऑक्सिजनपुढे टिकत नाहीत. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, श्वासावाटे बाहेर टाकता येतो; सिलिकॉनचा डायऑक्साइड म्हणजे चक्क वाळू.

जोडणीतल्या बारीकशा फरकानेही चित्र पालटते. स्टार्च आणि सेल्युलोज दोन्ही ग्लुकोजचेच. फक्त दुव्याची दिशा निराळी, आणि तेवढ्यावर एक आपल्याला पचते, दुसरे पचत नाही.

पाठ्यपुस्तकांत भर असतो तो अशा बळकट बंधांवर. खरी करामत मात्र दुबळ्या बंधांची म्हणावी लागेल. हायड्रोजन बंधाची, म्हणजे एका रेणूतील हायड्रोजनला शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनसारख्या अणूकडे असणाऱ्या ओढीची, ताकद सहसंयुजी बंधाच्या साधारण विसाव्या हिश्शाएवढी. तरी पाणी नेहमीच्या तापमानाला द्रव राहते ते त्याच्याच जोरावर. हायड्रोजन सल्फाइडचा रेणू पाण्याच्या रेणूहून जड, पण त्याच्यात असे बंध फारच क्षीण, म्हणून तो उणे ६० अंश सेल्सिअसलाच उकळतो. प्रथिनांच्या घड्या अशाच क्षीण आकर्षणांनी पडतात. डीएनएच्या दोन धाग्यांमधले दुवेही दुबळेच असतात, म्हणून तर प्रत काढताना ते उलगडता येतात. पेशीपटलातील मेदरेणू तर एकमेकांना बांधलेलेही नसतात : त्यांची जलविरोधी शेपटे पाण्यापासून आत वळतात आणि पडदा आपोआप तयार होतो.

फ्रीडरिख व्होलर यांनी १८२८ मध्ये प्रयोगशाळेत मूत्रातील यूरिया बनवला आणि सजीवांतले पदार्थ घडायला खास ‘जीवनशक्ती’ लागते ही कल्पना एका दिवसात कोसळली, असे सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. किण्वनाला (आंबण्याला) जिवंत पेशीच लागते, असे लुई पाश्चरही मानत. १८९७ मध्ये एडुआर्ट बुख्नर यांनी यीस्टच्या पेशीविरहित अर्काने साखर आंबवून दाखवली, तेव्हा त्या समजुतीचा आधार गेला. हे काम पेशीतील एन्झाइमे करतात. ती विक्रियेचा वेग वाढवतात, तिचा समतोल बदलत नाहीत. रक्तपेशींतील कार्बोनिक ॲनहायड्रेज या एन्झाइमाचा एक रेणू सेकंदाला सुमारे १० लाख कार्बन डायऑक्साइड रेणू हाताळू शकतो.

ऊर्जेची देवघेव मुख्यतः एटीपी (ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट) या रेणूमार्फत होते. शरीरात त्याचा साठा कोणत्याही क्षणी अगदी थोडा असतो. पण तोच पुन्हापुन्हा मोडून आणि जोडून दिवसभरात जवळपास शरीराच्या वजनाइतके एटीपी वापरले जाते.