चिऊताईचं दार आणि मेंदूतला हात

परवा सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात आली. वय 4 ते 7, गोष्टींवर आधारित कृतिवर्ग, आणि खाली ठळक अक्षरांत : 'मुलांचा उजवा मेंदू जागृत करा!' अहो, तो झोपलेला असतोच कुठे? मेंदूचे दोन्ही अर्धगोल सुमारे 20 कोटी चेतातंतूंच्या जाड पट्ट्याने जोडलेले असतात आणि गोष्ट ऐकताना दोन्ही कामाला लागतात. याच जातीचं 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन', म्हणजे मुलं डोळे बांधून वाचतात असा दावा करणारे वर्ग. ते वाचन पट्टीखालून, नाकाशेजारच्या फटीतून चालायचं. त्यावर पालकांनी हजारो रुपये घालवले.

चीड याची येते की गोष्टीतली कृती हातानं करून बघण्यामागे खरं विज्ञान आहे, आणि ते या भंपक ओळीखाली गाडलं जातं.

पहिली-दुसरीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि 'काय झालं गं गोष्टीत?' विचारलं की गप्प बसतं. सगळी शक्ती अक्षरं जुळवण्यात खर्च झालेली असते. शब्द तोंडातून बाहेर पडतो, पण वस्तूपर्यंत पोचत नाही.

मोठ्यांच्या बाबतीत तो कुठवर पोचतो? मेंदूच्या पृष्ठभागावर शरीराच्या हालचालींचा एक नकाशा असतो : वर मधल्या खाचेजवळ पाय, बाजूला हात, त्याखाली चेहरा आणि जीभ. 2004 साली मेंदू-संशोधक ओलाफ हाऊक आणि सहकाऱ्यांनी लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून नुसते शब्द वाचायला दिले. 'चाटणे', 'उचलणे', 'लाथ मारणे' अशा अर्थाचे. अवयव हलला नाही, तरी पायाच्या शब्दाला पायाच्या भागात किंवा त्याच्या शेजारी, हाताच्या शब्दाला हाताच्या भागात मेंदूचं काम वाढलेलं दिसलं. आता शंकेखोर म्हणेल, हा अर्थ कळल्यानंतरचा नुसता पडसाद असेल. रास्त शंका आहे, आणि तो वाद मिटलेला नाही.

म्हणून मला त्याच वर्षीचा मानसशास्त्रज्ञ आर्थर ग्लेनबर्ग यांचा अमेरिकेतला प्रयोग जास्त आवडतो. पहिली-दुसरीच्या मुलांसमोर खेळण्यातलं शेत मांडलं : गोठा, जनावरं, गाडी. वाक्याशेजारी हिरवा दिवा छापलेला दिसला की वाक्यात सांगितलेली कृती खेळण्यांनी करायची. तुलनेसाठी खेळणी न हलवता वाचन. हात लावणाऱ्या मुलांना मजकूर जास्त आठवला आणि जास्त समजला.

मला वाटतं, यात निम्मं काम विभक्तीचं आहे. 'चिमणीनं कावळ्याला ढकललं' आणि 'चिमणीला कावळ्यानं ढकललं' यात मूळ शब्द तेच. भरभर वाचणारं मूल प्रत्ययावरून घसरतं, पण हातात चिमणी घेतल्यावर कोणी कोणाला ढकलायचं हे ठरवावंच लागतं. हाताला प्रत्यय गिळता येत नाही.

आणि इथंच बरेच वर्ग फसतात. चिऊ-काऊची गोष्ट सांगून झाली की चिमणीचं चित्र रंगवायला देतात. छान दिसतं, फ्रीजवर लागतं. पण गोष्टीत चिमणी रंगवण्याबद्दल काहीच नाही! तिथं काऊचं शेणाचं घर पावसात वाहून जातं, चिऊचं मेणाचं टिकतं, काऊ दार ठोठावतो आणि चिऊ आतून सांगत राहते : थांब, माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब, अंग पुसते, थांब, काजळ लावते. बुटांचा रिकामा खोका, कापडाची चिंधी आणि दोन बाहुल्या पुरतात. दाराबाहेरचा काऊ दुसऱ्या मुलाच्या हातात द्या. तिसऱ्या 'थांब'ला तो वैतागून 'उघड की गं!' म्हणाला, की त्याला गोष्ट कळली. शेणाऐवजी माती चालेल, मेणबत्तीचा तुकडा मात्र खराच घ्या. वर तांब्याभर पाणी ओता आणि कोणाचं घर का टिकलं ते मुलांनाच बोलू द्या.

ग्लेनबर्ग यांनी पुढची पायरीही घेतली होती : आधी हातानं करायला लावलं, मग तीच हालचाल नुसती मनात करायला सांगितली, आणि त्याचाही फायदा दिसला. त्यामुळं काही दिवसांनी खोका कपाटात जायला हवा. वर्गाची चौकशी करताना साहित्याच्या यादीआधी हे विचारा, की खेळणी मुलांसमोरून कधी काढता.