हार्वर्डची तयारी वेगळी, ऑक्सफर्डची वेगळी

‘ऑक्सफर्ड, हार्वर्ड वगैरे’ असं आपण एका दमात म्हणून जातो. त्या ‘वगैरे’त केंब्रिज, येल, प्रिन्स्टन, एमआयटी सगळी येतात. मग सातवी-आठवीतल्या मुलासाठी आखलेली तयारीही एकच निघते: मार्क उत्तम, एखादं वाद्य, एखादा खेळ, थोडं समाजकार्य, स्पर्धांची चार सर्टिफिकिटं. ही यादी अमेरिकेसाठी अर्धीमुर्धी चालते. इंग्लंडसाठी मार्क सोडले तर त्यातलं बाकी बहुतेक वाया जातं.

दोन्हीकडे शिरकाव अवघड, हे खरंच. हार्वर्ड शंभरातल्या जेमतेम चारांना घेतं. ऑक्सफर्डला पदवीच्या सुमारे ३,३०० जागांसाठी २३,००० हून जास्त अर्ज येतात. पण निवड कोणाच्या हातात आहे ते पाहिलं की दोन्ही वाटा किती लवकर फुटतात ते लक्षात येतं.

अमेरिकेत अर्ज वाचतात ते प्रवेश कार्यालयातले पूर्णवेळ अधिकारी. वर्गावर शिकवणं हे त्यांचं काम नव्हे. त्यांना पुढच्या वर्षीची तुकडी जमवायची असते: त्यात गणितात बुडालेले हवेत, चेलो वाजवणारे हवेत, विद्यापीठाच्या संघातून खेळणारे हवेत, आडगावातून आलेलेही हवेत. हार्वर्डविरुद्धच्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली दिला, त्यात या वाचनाची आतली रीत उघड झाली. अभ्यास, अभ्यासेतर उद्योग, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना वेगवेगळे गुण, १ ते ६, त्यात १ सगळ्यात वरचा. म्हणजे अभ्यासात अव्वल पण बाकी रकाने कोरे, असा मुलगा मागे पडू शकतो आणि पडतोही.

ऑक्सफर्ड-केंब्रिजला निवड करतात ते त्या विषयाचे प्राध्यापक. प्रवेश मिळाला तर पुढची तीन-चार वर्षं ज्यांच्यासमोर बसायचं, बऱ्याचदा तीच माणसं. तिथे व्याख्यानांच्या जोडीला ट्युटोरियल असतं (केंब्रिजला त्याला सुपरव्हिजन म्हणतात): एक शिक्षक, दोन-तीन विद्यार्थी, आणि समोर लिहून आणलेला निबंध किंवा सोडवून आणलेली गणितं. त्यामुळे अर्ज हातात घेताना शिक्षकाच्या मनात एकच प्रश्न असतो. या मुलाला हा विषय या पद्धतीने शिकवता येईल का? फुटबॉलच्या कप्तानपदावरून त्याचं उत्तर मिळत नाही.

खेळाचा मुद्दा जरा थांबून पाहण्यासारखा आहे, कारण पालकांची सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते. अमेरिकेत विद्यापीठाच्या प्रशिक्षकाला हवे असलेले खेळाडू ही प्रवेशाची वेगळीच, बरीच रुंद वाट आहे. इतकी रुंद, की २०१९ साली उघडकीस आलेल्या ‘व्हर्सिटी ब्लूज’ प्रकरणात श्रीमंत पालकांनी लाच देऊन आपल्या मुलांना खोटे खेळाडू बनवलं होतं. ऑक्सफर्डला अशी वाटच नाही. टेम्स नदीवरच्या प्रसिद्ध बोट रेसमध्ये वल्ही मारणाऱ्यालाही आधी आपल्या विषयाच्या जोरावरच आत यावं लागतं.

अर्जाचा नमुना पाहिला तर हा फरक कागदावरच दिसतो. अमेरिकेतली बरीचशी विद्यापीठं ‘कॉमन अ‍ॅप’ नावाचा सामायिक अर्ज घेतात (एमआयटीचा अर्ज स्वतंत्र आहे). त्यात अभ्यासाबाहेरच्या उद्योगांसाठी १० जागा असतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. शेजारी विचारलेलं असतं: हे तू नववी, दहावी, अकरावी, बारावी यांपैकी कोणत्या वर्षी केलंस, आठवड्याला किती तास, वर्षात किती आठवडे? शिवाय ६५० शब्दांपर्यंतचा एक निबंध, ज्यात विषयाबद्दल अवाक्षर नसलं तरी चालतं. आजोबांच्या आजारपणावर लिहा, तोतरेपणावर लिहा, काहीही.

ब्रिटनचा अर्ज ‘यूकॅस’ या तिथल्या सामायिक प्रवेशव्यवस्थेमार्फत जातो. जास्तीत जास्त पाच पर्याय, आणि एका वर्षी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज यांपैकी एकच. अर्ज नुसत्या विद्यापीठाला नसतो, ठरावीक अभ्यासक्रमाला असतो. लिहायला एकूण ४,००० अक्षरं. २०२६ च्या प्रवेशापासून त्यांचे तीन प्रश्न केलेत: हाच अभ्यासक्रम का, शिक्षणातून त्यासाठी काय तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंस. तिसरा प्रश्न वाचून ‘चला, इथे तबला घालू’ असा मोह होतो. पण त्या उत्तराचाही रोख अभ्यासक्रमाकडेच असावा लागतो. विषयाच्या दिशेने, पण पाठ्यपुस्तकाच्या पलीकडे केलेल्या वाचनाला आणि धडपडीला तिथे सुपरकरिक्युलर म्हणतात. तबला, फुटबॉल हे एक्स्ट्राकरिक्युलर; ते वेगळं. शाळेच्या माहितीपत्रकात दोन्ही एकाच मथळ्याखाली छापलेले दिसले तर त्यावर जाऊ नका.

एक उदाहरण घेऊ. समजा एक मुलगी आठवीपासून मुंग्यांच्या मागे लागली आहे. मुंग्यांच्या रांगेतला मधला वीतभर माग ती ओल्या फडक्याने पुसते, मुंग्या गोंधळून इकडेतिकडे फिरतात, आणि रांग पुन्हा जुळायला किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेवते. कधी साखर जवळ ठेवते, कधी लांब.

अमेरिकेच्या अर्जात याच उद्योगाची वाढ दिसावी लागते. चार वर्षं टिकला का, वहीतून बाहेर पडला का, तिने शाळेत लहान मुलांचा निरीक्षणगट सुरू केला का, नोंदी इतरांना वापरता येतील अशा मांडल्या का, दुसऱ्या कोणाला त्याचा काही उपयोग झाला का. आणि ६५० शब्दांत त्या मुंग्यांपेक्षा तीच जास्त दिसायला हवी: तासन्‌तास जमिनीवर पालथी पडणारी ही मुलगी आहे तरी कशी.

ऑक्सफर्डच्या जीवशास्त्राच्या शिक्षकाला निरीक्षणगटाशी देणंघेणं नाही. तो वहीत शिरेल. माग पुसल्यावर लागणारा वेळ साखरेच्या अंतराप्रमाणे बदलला का? नसेल तर का नाही? मुंग्या जमिनीवर सोडलेल्या वासाच्या मागावरून चालतात हे तिने वाचलेलं असणारच, म्हणून तो विचारू शकेल, की हा वास कधीच उडून गेला नसता तर मुंग्यांचं काय बिघडलं असतं? तिने क्षणभर थांबून ‘साखर संपल्यावरही त्या तिकडेच जात राहिल्या असत्या’ असं म्हटलं, तर गप्पा खऱ्या अर्थाने सुरू झाल्या. उत्तर चुकलं तरी चालतं. दिलेला धागा पकडून ती विचार पुढे नेते का, ते पाहायचं असतं.

हे कल्पित उदाहरण झालं, पण ऑक्सफर्डने स्वतः प्रसिद्ध केलेले नमुना प्रश्न याच जातीचे आहेत. जीवशास्त्राचा एक असा: लेडीबर्ड लाल असते, स्ट्रॉबेरीही लाल असते; का? किडा लाल असतो तो ‘मला खाऊ नका’ म्हणून, फळ लाल असतं ते ‘मला खा’ म्हणून. तोच रंग, निरोप उलटा. मग तो निरोप कोणासाठी आहे, बघणाऱ्याला लाल दिसतो का, इथपर्यंत बोलणं जाऊ शकतं. अशा मुलाखतींना डिसेंबरमध्ये सुमारे १०,००० जणांना बोलावतात, हल्ली ऑनलाइन. अमेरिकेतही मुलाखत असते, पण ती बहुधा माजी विद्यार्थी घेतात. गप्पांसारखी असते आणि बऱ्याच ठिकाणी तिचं वजन कमीच.

आता ‘लवकर’ म्हणजे कधी, हे ओघाने येतं. अमेरिकेच्या अर्जात नववीपासूनची चारही वर्षं दिसतात, गुणपत्रकातही आणि उद्योगांतही. नववीतला गचका दिसतो, नंतरची चढणही दिसते. सातवीतल्या वक्तृत्वाच्या ढालीला मात्र अर्जात जागाच नाही. त्याआधीची एकच गोष्ट खरोखर महत्त्वाची, आणि ती कोणी फारशी बोलत नाही: गणिताची साखळी. अमेरिकी शाळेत बारावीला कॅल्क्युलस घ्यायचं तर नेहमीच्या क्रमाने आठवीत बीजगणिताचा पहिला भाग व्हावा लागतो, मग भूमिती, बीजगणिताचा दुसरा भाग, प्रीकॅल्क्युलस. ज्याचं आठवीत राहिलं त्याला पुढे सुट्टीत किंवा एका वर्षात दोन कोर्स करून अंतर भरून काढावं लागतं. इंजिनीअरिंगकडे जाणाऱ्या मुलासाठी हा निर्णय कुठल्याही क्लबपेक्षा मोठा आहे.

ब्रिटनमध्ये घड्याळ उशिरा सुरू होतं, पण दारं लवकर बंद होतात. सोळाव्या वर्षी ए-लेव्हलचे (तिथली शाळेची शेवटची परीक्षा) तीन-चार विषय निवडायचे, आणि तिथेच अर्धा निकाल लागतो. केंब्रिजला गणित करायचं तर फर्दर मॅथ्स (गणिताच्या जोडीचा वरच्या गणिताचा वेगळा विषय) लागतं. अर्थशास्त्राला गणित लागतं, आणि हे ऐकून दरवर्षी कोणीतरी चकित होतंच. ऑक्सफर्डच्या मेडिसिनला रसायनशास्त्र हवंच. कायद्याला मात्र ठरावीक विषयाची अट नाही. दुसऱ्या परीक्षा मंडळांच्या मुलांसाठीही हीच मेख आहे: अकरावीला विषय घेण्याआधी हव्या त्या अभ्यासक्रमाच्या पानावरच्या अटी वाचायच्या. बारावीत वाचून उपयोग नाही.

मार्कांचा हिशेबही निराळा. अमेरिकेत मार्चअखेरपर्यंत होकार आला की मामला बहुतेक मिटला, शेवटच्या सत्रात अगदीच हात वर केले नाहीत म्हणजे झालं. ब्रिटनचा होकार सशर्त असतो: अंतिम परीक्षेत अमुक ग्रेड आणलीस तर. केंब्रिजच्या गणिताला तर त्यावर ‘स्टेप’ ही वेगळी, चांगलीच कठीण परीक्षा, आणि ती होते जूनमध्ये, मुलाखत आणि सशर्त होकार उरकल्यानंतर. जानेवारीत पेढे वाटून झालेल्या मुलाचा प्रवेश ऑगस्टमध्ये जाऊ शकतो.

इतका फरक असूनही ‘आठवीपासून प्रोफाइल बिल्डिंग’ असं एकच पॅकेज दोन्हींसाठी विकणारे सल्लागार आहेत. माझं मत विचाराल तर आठवीत असं पॅकेज घेणं म्हणजे मुलाच्या दुपारी विकत देणं. पैसे भरून मिळणारे उन्हाळी अभ्यासवर्ग तर दोन्हीकडे फारसे मोजले जात नाहीत. विद्यापीठाचं नाव असलेल्या प्रमाणपत्रावरून पालकांची फी भरायची ऐपत तेवढी कळते. त्यापेक्षा आठवी-नववीत मोकळ्या वेळेत मूल आपण होऊन कशाकडे वळतं ते बघावं. एका विषयात खोल जाणारं मूल इंग्लंडच्या साच्यात सहज बसतं. दर वर्षी नव्या गोष्टीच्या प्रेमात पडणाऱ्या मुलाला अमेरिका बरी, कारण तिथे बहुतेक ठिकाणी मुख्य विषय दुसऱ्या वर्षापर्यंत ठरवायचा नसतो. ऑक्सफर्डला इतिहासासाठी आलेल्याने भौतिकशास्त्राकडे वळायचं म्हटलं तर जवळपास नव्याने अर्ज करण्यासारखं आहे.

ब्रिटनमधलं मेडिसिन थोडं वेगळं. तिथे रुग्णालयात किंवा वृद्धांच्या सेवेत काम केल्याचा, निदान ते जवळून पाहिल्याचा अनुभव विचारला जातो. पण तो कशासाठी? डॉक्टरकी म्हणजे काय याची कल्पना आहे का, हे तपासायला. म्हणजे फिरून पुन्हा विषयच.

पैशांचा विचारही आठवीतच करून ठेवावा, बारावीत नको. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ ही विद्यापीठं परदेशी मुलांचाही अर्ज आर्थिक परिस्थिती न पाहता वाचतात आणि प्रवेश दिला की गरजेइतकी मदत देतात. इतर बऱ्याच अमेरिकी विद्यापीठांत परदेशी मुलाने मदत मागितली की त्याची शक्यता घटते. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याला पदवीसाठी पूर्ण शिष्यवृत्ती फारच थोड्यांना मिळते.

दोन्हीकडे अर्ज करायचाच असेल तर वेळापत्रक एका कागदावर मांडा. ऑक्सफर्ड-केंब्रिजची मुदत १५ ऑक्टोबर. अमेरिकेच्या लवकरच्या फेरीची बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर. या फेरीचे दोन प्रकार आहेत. अर्ली डिसिजनमध्ये मुलगा, पालक आणि शाळा तिघेही सही करतात की प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घेऊ. त्याचा निकाल डिसेंबरच्या मध्याला लागतो, ऑक्सफर्डचा जानेवारीत. म्हणजे ब्राऊन किंवा कोलंबियाला अर्ली डिसिजनने अर्ज केलेल्या आणि तिथे निवड झालेल्या मुलाला ऑक्सफर्डची मुलाखत देऊनही निकाल न पाहता तिथला अर्ज मागे घ्यावा लागतो. दुसरा प्रकार हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनचा: त्यांची लवकरची फेरी तशी बांधून ठेवत नाही. त्या फेरीत दुसऱ्या खाजगी अमेरिकी विद्यापीठांना लवकर अर्ज करायला मनाई असते, पण परदेशातल्या विद्यापीठांना मुभा असते, आणि होकार आला तरी उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ मिळतो.